जखमी फौजीचं बोलणं आत का उतरतं?

पहाटे कवठे महांकाळहून नागजकडे निघालं की रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं दिसतात. भरतीची तयारी चाललेली असते. कोल्हापूरच्या सैन्यभरती कार्यालयाचा मेळावा लागला की याच पोरांना १.६ किलोमीटर अंतर ठरलेल्या वेळात पळून दाखवायचं असतं. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, त्यामुळे फौज ही इथल्या कित्येक घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आहे. तिकडे साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्दच कायमचा जोडला गेला आहे. सैन्यातून पेन्शनवर आलेल्या माणसाला, तो शिपाई असो की सुभेदार, आपल्याकडे 'मेजर' म्हणूनच हाक मारतात.

१५ ऑगस्टला, २६ जानेवारीला या मेजर मंडळींना शाळेत, अकॅडमीत बोलायला बोलावतात. तिथे एक गोष्ट हटकून पाहायला मिळते. आवाज चढवून, मुठी आवळून केलेल्या भाषणाला टाळ्या पडतात आणि संध्याकाळपर्यंत ते विरून जातं. पण काठी टेकत आलेला, नाहीतर चाकाच्या खुर्चीतून आणलेला एखादा माजी सैनिक दहा मिनिटं अडखळत बोलतो, टाळ्या बेताच्याच पडतात, आणि तरी पोरं पुढे कित्येक दिवस त्याच्या बोलण्यातली एखादी बारीकशी गोष्ट एकमेकांना सांगत राहतात. पलटणीतही तेच. तिथे सैनिक संमेलन भरतं, साहेब लोक जवानांशी बोलतात. अधूनमधून लढाईत जायबंदी झालेल्या एखाद्या जुन्या सैनिकालाही बोलावणं जातं. त्या दिवशी हॉलमधली शांतता वेगळी असते.

हे कशामुळे होतं? 'त्याग केलेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतंच' हे उत्तर खरं आहे, पण तेवढ्याने काही कळत नाही. ते वजन कुठून येतं हे समजून घ्यायचं तर आधी जखमेत काय घडतं ते पाहायला हवं, मग त्या जखमेतून माणूस वर कसा येतो ते, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या मनात काय हलतं ते. त्यासाठी लांब जायला नको. ज्याच्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात तो माणूस आपल्याच सांगली जिल्ह्यातला आहे.

पेठचा मुष्टियोद्धा

मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १९४४ सालचा, वाळवा तालुक्यातल्या पेठ गावचा. पुणे-बंगळूर रस्त्यावरचा पेठ नाका सगळ्यांना ठाऊक असतो, तेच पेठ. कोवळ्या वयात ते सैन्यात गेले. लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई या दलात ते क्राफ्ट्समन होते, आणि खेळात मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. वय होतं जेमतेम वीस.

पुढे मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांनी पाण्यात उतरावं असं ठरलं. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवली. आपल्या गटातला तो जागतिक विक्रम होता आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. दुसरं सुवर्ण मिळायला २००४ साल उजाडलं.

३७.३३ सेकंदांत ५० मीटर म्हणजे सेकंदाला साधारण १.३४ मीटर. धडधाकट माणूस रस्त्याने आपल्या नेहमीच्या चालीने चालतो, त्याचा वेगही जवळपास एवढाच. जमिनीवर ज्याला एक पाऊल टाकता येत नव्हतं, तो पाण्यात आपल्या चालण्याच्या वेगाने गेला. हे कसं जमलं?

मणक्यात काय तुटतं?

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. त्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून निघालेली एक दोरी खाली उतरते. ती साधारण करंगळीएवढी जाड असते आणि कमरेच्या वरच्या भागात संपते. हिला मज्जारज्जू म्हणतात. तिच्यातून नसांच्या ३१ जोड्या फुटतात. मानेतल्या नसा हातांकडे जातात, छातीच्या भागातल्या धडाकडे, आणि कमरेच्या व त्याखालच्या नसा पाय, मूत्राशय, आतडी यांच्याकडे. 'पाय उचल' हा मेंदूचा हुकूम या दोरीतून खाली येतो आणि 'पायाला काटा लागला' ही खबर हिच्यातूनच वर जाते.

कवठे महांकाळकरांना हे समजायला म्हैसाळ योजना पुरेशी आहे. कृष्णेचं पाणी म्हैसाळजवळ उचललं जातं आणि पंपांच्या एकेका टप्प्याने चढत मिरज तालुक्यातून कवठे महांकाळला आणि पुढे जतकडे जातं. मधला एक टप्पा बंद पडला तर काय होतं? त्याच्या अलीकडच्या गावांना पाणी मिळत राहतं. पलीकडे कालवे शाबूत असतात, रानं शाबूत असतात, पण पाणीच येत नाही. मज्जारज्जूला इजा झाली की शरीरात तसंच घडतं. पायाची हाडं, स्नायू, नसा जागच्या जागी असतात; हुकूम मात्र पोहोचत नाही. इजा मानेत झाली तर हातही जातात. ती कमरेच्या भागात असेल तर हात, खांदे, छाती आणि बहुधा पोटाचे स्नायूही ताब्यात राहतात. पेटकरांना गोळी कुठे लागली यावरच त्यांना पुढे काय करता येणार हे ठरलं.

हाताचं बोट कापलं तर तिथली नस हळूहळू पुन्हा वाढू शकते. मज्जारज्जूतले तंतू एकदा तुटले की बहुतेक पुन्हा जुळत नाहीत. म्हणून अशा माणसाला 'जिद्द धर, चालायला लागशील' असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जिद्दीने तंतू जुळत नाहीत. जे स्नायू ताब्यात उरले आहेत त्यांच्याकडून गेलेल्या स्नायूंचं काम करून घेणं, एवढंच जिद्दीच्या हातात असतं. आणि ते थोडं नाही.

आधी जगणं, मग पोहणं

कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाला पायांपेक्षा मोठा धोका त्याच्या कातडीपासून असतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आपण रात्रभर झोपेत नकळत कूस बदलतो. एका जागी दाब पडला, रक्त अडलं की तिथे दुखायला लागतं आणि शरीर आपोआप हलतं. कमरेखाली संवेदनाच नसेल तर ही खबर मेंदूला मिळत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपून राहते, रक्त पोहोचत नाही, काही तासांतच ती लाल होते आणि मग मरायला लागते. हे शय्याव्रण, म्हणजे अंथरुणाला खिळल्यामुळे होणारी जखम. ती हाडापर्यंत जाऊ शकते. मूत्राशयावर ताबा नसल्याने लघवी तुंबते, जंतू वाढतात. पहिल्या महायुद्धात मणक्यावर गोळी लागलेले बहुतेक सैनिक गोळीने मेले नाहीत. ते पुढच्या काही महिन्यांत या दोन कारणांनी दगावले.

हे बदललं ते लुडविग गटमन या डॉक्टरने. हा जर्मनीतून परागंदा व्हावं लागलेला ज्यू मेंदूतज्ज्ञ. १९४४ साली त्याने इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मणक्याच्या जखमींसाठी खास विभाग सुरू केला. त्याचा पहिला नियम अगदी साधा होता: प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, दिवसा आणि रात्रीही. दुसरा नियम असा की माणसाला नुसतं पडू द्यायचं नाही, काम द्यायचं, खेळायला लावायचं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, त्याने रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जायबंदी सैनिकांची, त्यात स्त्रियाही होत्या, तिरंदाजीची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे. हायडेलबर्गला पेटकर पोहले, त्यामागे २४ वर्षांपूर्वीची ती हिरवळ होती.

[चौकट] मणक्याला मार लागल्याची शंका असेल तर

झाडावरून, विहिरीत किंवा गाडीवरून पडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा ते हलत नसतील, तर त्याला बखोटीला धरून उठवू नये, ओढू नये, बसवून पाणी पाजू नये. मोडलेला मणका हलला की धड राहिलेला मज्जारज्जूही चिरडला जाऊ शकतो. डोकं, मान आणि धड एका रेषेत राहील असं दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवावं आणि १०८ ला फोन करावा. आग, पाणी, रस्त्यावरची रहदारी असा जिवाचा धोका असला तरच हलवावं, आणि तेव्हाही चारपाच जणांनी मिळून, एका आवाजावर, आडवं फळीवर घेऊन.

पाण्याने काय केलं?

माणसाचं शरीर पाण्यापेक्षा फार जड नसतं. छातीत श्वास भरलेला असेल तर ते तरंगतंच. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं तर सांध्यांवरचं वजन जवळपास निम्मं होतं, गळ्यापर्यंत उतरलं तर दहाव्या हिश्श्यावर येतं. जमिनीवर ज्याला दोन माणसं उचलतात, तो पाण्यात एका हाताच्या रेट्याने वळतो. रुग्णालयातल्या माणसाला पाण्याची पहिली भेट ही असते: कुणाची मदत न घेता स्वतःचं शरीर हवं तिकडे नेता येतं, हे त्याला कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा जाणवतं.

पाणी दुसरंही एक काम करतं. ते प्रत्येक हालचालीला अडवतं, आणि जितक्या जोराने हात माराल तितकं जास्त अडवतं. त्यामुळे डंबेल्स न उचलताही खांदे, छाती, दंड कमावले जातात. ज्याला आता आयुष्यभर हातांवरच वजन तोलायचं आहे त्याला याची फार गरज असते. पलंगावरून खुर्चीत जायचं म्हणजे काय करावं लागतं ते पाहा. खुर्ची तिरकी लावायची, ब्रेक घट्ट करायचे, एक हात गादीवर, एक खुर्चीच्या दांडीवर. मग डोकं जायच्या दिशेच्या उलट बाजूला वाकवायचं, कोपरं ताठ करून अख्खं धड उचलायचं आणि कुल्ले खुर्चीवर टाकायचे. पाय मागाहून हातांनी उचलून ठेवायचे. मग दिवसभर ठरावीक वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलून धरायचं, म्हणजे कातडीला रक्त मिळतं. हे सगळं दंडांच्या जिवावर चालतं.

आता वेगाचा प्रश्न. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेणारा मुख्य जोर हातांचाच असतो. लाथा मारण्याचं मोठं काम म्हणजे शरीर पाण्यात आडवं ठेवणं. ज्याचे पाय हलत नाहीत त्याचा कमरेखालचा भाग खाली जायला बघतो, शरीर तिरपं होतं आणि पाण्याचा अडथळा वाढतो. त्यामुळे अशा पोहणाऱ्याला डोकं खाली ठेवून छाती पाण्यावर दाबावी लागते, म्हणजे कमर वर येते. शिवाय लाथांनी जो तोल सांभाळला जातो तो पोट आणि पाठ यांनी सांभाळायचा. मुष्टियुद्धात कमावलेले खांदे पेटकरांना इथे कामी आले असतील हे उघड आहे. आणि गुद्दे घेत उभं राहण्याची सवयही.

त्यांच्या हायडेलबर्गच्या वारीला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली होती, हे इथे सांगायलाच हवं. अपंग खेळाडूंना मदत करणाऱ्या संस्थेचं काम तेव्हा मर्चंट पाहत. एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट जरा खोदली की डॉक्टर, परिचारिका, व्यायामोपचार करणारा, तिकिटाचे पैसे उभे करणारा अशी कित्येक माणसं निघतात. भाषणात ती आली पाहिजेत.

ऐकणाऱ्याच्या मनात काय हलतं?

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एक मूलभूत प्रश्न हाताळला. 'हे मला जमेल' असं माणसाला केव्हा वाटतं? त्याचं म्हणणं असं की हा भरवसा चार वाटांनी येतो. सगळ्यांत पक्की वाट म्हणजे स्वतः करून पाहिल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं. तिसरी, कुणीतरी 'तुला जमेल' असं पटवून देणं. चौथी, आपल्या शरीरात त्या वेळी जे होतं, म्हणजे धडधड, घाम, थरथर, त्याचा आपण लावलेला अर्थ.

नुसतं जोरदार भाषण यातल्या तिसऱ्याच वाटेने येतं, आणि ती वाट कच्ची आहे. पहिल्या अडचणीला शब्द गळून पडतात. जखमी सैनिक समोर बसतो तेव्हा दुसरी आणि चौथी वाट एकदम उघडते.

दुसऱ्या वाटेतला कळीचा मुद्दा आहे 'आपल्यासारखा'. पाहणाऱ्याला समोरचा माणूस जितका आपल्या जातकुळीचा वाटेल तितका परिणाम जास्त. अधिकारी नसलेला, खेड्यातून आलेला, बरॅकमध्ये राहिलेला, लंगरमधलं जेवलेला माणूस बोलतो तेव्हा जवान मनातल्या मनात स्वतःला त्याच्या जागी ठेवू शकतो. मोठ्या मानधनाच्या वक्त्याच्या बाबतीत हे होत नाही, मग तो कितीही छान बोलो.

याहून महत्त्वाची गोष्ट डोनाल्ड मायकेनबॉम याने १९७१ साली सापाला घाबरणाऱ्या माणसांवर केलेल्या प्रयोगात दिसली. काहींना त्याने असा माणूस दाखवला जो साप सहज, न घाबरता हाताळतो. काहींना असा दाखवला जो आधी घाबरतो, मागे सरतो, स्वतःशी बोलत धीर गोळा करतो आणि मग हात लावतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस पाहिलेल्यांची भीती जास्त कमी झाली. कारण न घाबरणाऱ्याकडून घाबरटाला काहीच शिकता येत नाही. त्याला वाटतं, हा वेगळ्याच मातीचा. घाबरून पुढे गेलेला माणूस मात्र रस्ता दाखवतो. पोरं घरी जाऊन सांगतात ती बारीकशी गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा हाच रस्ता असतो: पहिल्यांदा बूट कसा चढवला, खुर्चीतून पहिल्यांदा पडल्यावर वर कसा आलो, आईला पहिल्यांदा तोंड कसं दाखवलं.

चौथी वाटही लक्षात घेण्यासारखी आहे. धोका दिसला की शरीर अॅड्रेनॅलीन सोडतं. काळीज धडधडतं, तोंडाला कोरड पडते, हात कापतात, पोटात कालवतं. स्नायूंना रक्त आणि साखर पुरवण्याची ती तयारी असते. पण नव्या जवानाला वाटतं, आपण भित्रे आहोत. ज्याच्या शौर्याबद्दल कुणालाच शंका नाही असा माणूस 'माझेही पाय लटपटत होते' असं सरळ सांगतो, तेव्हा त्या थरथरीचा अर्थच बदलतो. पुढच्या वेळी हात कापले तर तो जवान स्वतःला दोष देत बसत नाही, हातातल्या कामाकडे बघतो.

आणि भाषा. २०१० साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका व्यक्तीला मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात ठेवून स्वतःच्या आयुष्यातली खरी घटना सांगायला लावली आणि नंतर ती ऐकणाऱ्यांच्याही मेंदूचं चित्रण केलं. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल सांगणाऱ्याच्या मेंदूतल्या हालचालीशी, थोड्या सेकंदांच्या अंतराने, जुळत गेली. आणि ज्यांची समज जास्त चांगली त्यांची जुळणी जास्त. ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली तेव्हा ही जुळणी नाहीशी झाली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पोरांपुढे बोलायला आलेल्या सांगलीच्या माणसाने आपल्या बोलीत, 'आयला, लई दुखत हुतं' असंच बोलावं. त्याला छापील भाषा शिकवायला जाऊ नये.

मरणापेक्षा मोठी भीती

जवानांशी मनमोकळं बोललं की एक गोष्ट कळते. मरणाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. त्यांना धास्ती असते ती जायबंदी होऊन घरच्यांवर ओझं होण्याची. पुढचं काहीच दिसत नसलं की भीती वाढते. जखमी सैनिकाच्या येण्याने ही पोकळी भरते. पाय गेल्यावर नेमकं काय होतं, कुठे पाठवतात, काय देतात, किती दिवस लागतात, नोकरीचं काय होतं, हे ठोस कळतं.

जायबंदींना सावरणारी ही व्यवस्था महाराष्ट्रात पुण्याच्या परिसरात एकवटली आहे. जायबंदी सैनिकांना हातचा धंदा शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सुरू झाली. ती आज खडकीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उघडलं. मणक्याच्या जखमी सैनिकांसाठी १९७४ पासून खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. कृत्रिम पाय बसवला म्हणजे काम झालं असं नसतं, हेही तिथे जाऊन आलेला माणूसच सांगू शकतो. कापलेल्या पायाचा उरलेला भाग दिवसभरात थोडा आकसतो, सकाळी घट्ट बसलेला साचा दुपारी सैल पडतो, घासायला लागतो. मग थांबून एक जादा मोजा चढवावा लागतो. तसं न केलं तर फोड येतो, आणि फोड आला की आठवडाभर पायच घालता येत नाही. एक मोजा बरोबर ठेवायचा, इतकी साधी गोष्ट. पण ती ऐकल्यावर कृत्रिम पाय हे संकट वाटेनासं होतं, रोजचं एक काम वाटायला लागतं.

मुंबईत जन्मलेले इयान कार्डोझो यांची हकीकत सैन्यात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. १९७१ च्या युद्धात सिल्हेट भागात ते गोरखा पलटणीत मेजर होते. सुरुंगावर पाय पडला, पायाचा चेंदामेंदा झाला. मॉर्फिन नव्हतं, शस्त्रक्रियेचं हत्यार नव्हतं, तेव्हा त्यांनी खुकरीने स्वतःचा पाय स्वतः कापला. नंतरची शस्त्रक्रिया युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी लष्करी डॉक्टरने केली. हा भाग ऐकताना अंगावर काटा येतो, आणि बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. माझ्या मते खरी गोष्ट पुढे सुरू होते. लाकडी पाय लावून ते धडधाकट अधिकाऱ्यांच्या बरोबरीने परीक्षांना उतरले. पलटणीचं नेतृत्व मिळावं म्हणून वर्षानुवर्षं कागद फिरवत राहिले. अखेर लष्करप्रमुख जनरल रैना यांनी त्यांना लडाखला नेलं, बर्फात डोंगर चढताना स्वतः पाहिलं आणि परवानगी दिली. पाय गमावूनही पलटणीचं नेतृत्व करणारे ते भारतीय सैन्यातले पहिले अधिकारी, पुढे ते मेजर जनरल झाले. खुकरीचा क्षण काही मिनिटांचा होता. कागदांची लढाई काही वर्षांची. जवानाला जास्त उपयोगी कोणती?

अशी भाषणं कुठे चुकतात?

पराक्रमाचा शेवटच तेवढा सांगितला की अशा भाषणाने अपायही होतो. रुग्णालयात पडलेल्या प्रत्येकाला सुवर्णपदक मिळणार नसतं. 'पेटकरांना जमलं, तुला का नाही?' असं कुणी म्हटलं तर इजा मानेत झालेल्या, हातही न हलणाऱ्या माणसाला त्याचा काहीच उपयोग नाही. उलट त्याच्या दुःखात अपराधाची भर पडते. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून यांनी १९९० च्या दशकात मोठ्या आघातानंतर माणसाच्या मनात होणाऱ्या वाढीचा अभ्यास केला. अशी वाढ खरीच होते, पण दुःख आणि वाढ दोन्ही एकाच वेळी नांदतात, एकाने दुसरं पुसलं जात नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा तर भाषणात येतच नाहीत. रात्री दचकून उठणारा, फटाक्याच्या आवाजाने थरथरणारा, घरात कुणाशी न बोलणारा माजी सैनिकही जखमीच असतो, आणि त्याला व्यासपीठावर कुणी बोलावत नाही.

सन्मानाचंही असंच आहे. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा २०२४ मध्ये आला आणि त्यांचं नाव घरोघरी गेलं. जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांच्या वयात, त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला. सुवर्णपदकानंतर बावन्न वर्षांनी. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमधून त्यांची गोष्ट इतक्या वर्षांत किती वेळा सांगितली गेली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

म्हणून कवठे महांकाळ, जत, आटपाडीच्या भरती अकॅडम्यांना आणि शाळांना कळकळीने सांगावंसं वाटतं. आपल्या भागात जायबंदी होऊन आलेले माजी सैनिक आहेत. सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली तर संपर्क होऊ शकतो. त्यांना बोलवा, मात्र मैदानात पाचशे पोरं आणि कर्णा असं नको. चाळीसएक पोरं, एक खोली, चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांवर फळी, आणि येण्याजाण्याची गाडी व मानधन. भाषण लिहून आणायला लावू नका. पोरांनी प्रश्न विचारावेत. गोळी लागली तेव्हा काय वाटलं हे सगळेच विचारतात, ते राहू द्या. दवाखान्यातला पहिला महिना कसा काढला? स्वतःच्या हाताने पहिलं कुठलं काम केलं? कुणाची मदत घ्यायला सगळ्यांत जड गेलं? अर्ज कुठे अडला, मग कुणाला भेटलात? ज्या दिवशी काहीच करावंसं वाटत नाही, त्या दिवशी काय करता?